नव्याने रुजू झालात? आधी फावडं धरा

कृषी खात्यात लागल्याबद्दल अभिनंदन! सामू (म्हणजे मातीचा पीएच), सेंद्रिय कर्ब, सूक्ष्म अन्नद्रव्यं हे सगळं हळूहळू येईल. पहिल्या हंगामात तपासणीसाठी मातीचा नमुना नीट घ्यायला शिका. नमुनाच चुकला तर जमीन आरोग्य पत्रिकेवरचे (शेतकऱ्याला मिळणाऱ्या माती तपासणीच्या अहवालावरचे) बाराही आकडे वाया जातात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हंगामी पिकासाठी इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा घ्या, वीतभर खोल. कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची तासून घ्या. अशा आठ-दहा जागांची माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- बांधाजवळ, झाडाखाली किंवा शेणखताच्या ढिगाच्या जागी खड्डा घेणं. सावली बघून पाय तिकडेच वळतात!
- खताच्या रिकाम्या गोणीत माती भरणं. मी पहिल्याच वर्षी युरियाच्या गोणीत भरली होती. सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले.
- ओली माती उन्हात वाळवणं. सावलीतच वाळवा.
- चिठ्ठीवर गट नंबर न लिहिणं.

माती वाहून जाऊ नये म्हणून करतात त्या चर, बांधबंदिस्ती यांच्या आखणीचं सध्या डोक्यात घेऊ नका. एवढं मात्र करा, जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन शिवारात जा आणि गढूळ पाणी कुठून वाहतंय ते बघा. शेतकऱ्याला ती जागा आधीच माहीत असते. त्यालाच विचारा, लाजू नका.