‘सोंगणी झाली की सुरू करते’

“एखादी गोष्ट शिकायचे वर्षानुवर्षे मनात असते, पण ती सुरूच होत नाही, मी आळशी आहे का?” हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसे निरनिराळ्या निमित्ताने विचारतात. कोणाला इंग्रजी बोलायचे असते, कोणाला अर्धवट सुटलेली बारावी पूर्ण करायची असते, तर कोणाला भजनी मंडळात टाळ धरण्याऐवजी पेटीवर बसायचे असते. यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या भागातील एका अंगणवाडी सेविकेचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगण्यासारखा आहे. त्यांच्या संमतीने तो लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या ताईंच्या अंगणवाडीत येणारी निम्मी मुले गावाला लागून असलेल्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची आहेत. त्यांच्या घरात कोलामी बोलली जाते. ती द्राविडी कुळातील, म्हणजे तेलुगू आणि गोंडीच्या जवळची भाषा असल्यामुळे मराठी येणाऱ्याला ती नुसत्या अंदाजाने कळत नाही. तीन-चार वर्षांचे मूल रडत असेल, तर त्याचे पोट दुखते की त्याला घरी जायचे आहे हे कळण्यासाठी ताईंना दर वेळी मदतनीस मावशींना हाक मारावी लागे, कारण मावशी पोडावरच्याच. कोलामी शिकायची हे ताईंनी नोकरी लागली तेव्हाच ठरवले होते, आणि त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली होती.

“मॅडम, दरवर्षी ठरवते, अन् दरवर्षी वावर आडवं येते,” असे म्हणून त्यांनी मला वर्षाचा हिशोब ऐकवला. मृगात पेरणी, मग निंदण आणि डवरणी, पोळा, महालक्ष्म्या, त्यानंतर सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मध्येच तूर आणि हरभरा, आणि हे सारे आटोपले की लग्नसराई. हा हिशोब खोटा नव्हता. शहरातला समुपदेशक अशा ठिकाणी ‘वेळ काढला की निघतो’ असे सांगून मोकळा होतो, पण ज्या बाईला सकाळी चूल, दुपारी अंगणवाडी आणि संध्याकाळी वेचलेल्या कापसाचे वजन पाहावे लागते, तिला हे वाक्य ऐकवणे मला उद्धटपणाचे वाटते. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरण्याचे काम आले, तेव्हा ताई तेही शिकल्या, आणि बचत गटाचे हिशोबही त्याच काळात त्यांच्याकडे होते. म्हणजे वेळेची टंचाई खरी असली, तरी ती सगळ्या गोष्टींना सारखी आडवी येत नव्हती.

पुढे जाण्याआधी मी त्यांची झोप, भूक आणि आवडीच्या कामातले लक्ष यांबद्दल विचारले. हे मी प्रत्येकाला विचारते, कारण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, रोजच्या आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर तिथे प्रश्न लांबवलेल्या संकल्पाचा नसून नैराश्याचा असू शकतो. अशा वेळी वेळापत्रक हातात देण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवावे लागते, किंवा निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलायला सांगावे लागते. आपल्या भागात नापिकीच्या वर्षी ही शक्यता विसरून चालत नाही. ताईंच्या बाबतीत तसे काही नव्हते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक वही आणली. पहिल्या तीन पानांवर देवनागरीत लिहिलेले कोलामी शब्द, समोर मराठी अर्थ, सुबक अक्षर, लाल शाईने आखलेला समास. पुढची सगळी पाने कोरी. ही वही कधी सुरू केली असे विचारल्यावर कळले की, बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या बैठकीत त्यांनी सर्वांसमोर ‘मी कोलामी शिकणार’ असे सांगितले होते, पर्यवेक्षिकांनी कौतुक केले होते, टाळ्या पडल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात ही तीन पाने लिहून झाली होती. संकल्प जाहीर केला की माणूस बांधला जातो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र उलटे आढळले: स्वतःच्या प्रतिमेशी जोडलेला संकल्प दुसऱ्यांनी ऐकून घेतला, त्याची दखल घेतली, की काही माणसांचे प्रत्यक्ष प्रयत्न कमी होतात, कारण ‘तसे’ असल्याचे समाधान त्यांना आधीच मिळालेले असते. ताईंना टाळ्यांतून जे मिळाले, ते वहीतून मिळणार नव्हते.

मग मी विचारले, “शिकवणार कोण?” कोलामीचे वर्ग तालुक्याला भरत नाहीत. २०११ च्या जनगणनेत ही मातृभाषा सांगणारे सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार होते. इंग्रजीसारखी मोबाइलवर घरबसल्या शिकण्याची सोय अशा भाषेला कुठून असणार? ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मावशीच हायेत ना. पण त्याहीच्या समोर मी चुकू? उद्या पोरं हासतील, पोडावर गोष्ट जाईल, अन् मंग मावशी माह्यं काय ऐकतील?”

माझ्या मते सगळी अडचण इथे होती. सेविका वरची, मदतनीस खालची. हजेरीपट सेविकेच्या हातात, झाडू मदतनिसाच्या. शिकायला बसणे म्हणजे ही उतरंड रोज थोडा वेळ उलटी करणे, आणि तेही लहान मुलांच्या देखत. सोंगणी आणि वेचणी या खऱ्या अडचणी होत्या, पण त्यांच्या आड ही दुसरी अडचण वर्षानुवर्षे सुखाने बसून होती. त्यामुळेच मी अशा माणसाला ‘आळशी’ म्हणायला तयार नसते. तो टाळत असतो ते काम नसून त्या कामाबरोबर येणारी एक नकोशी भावना असते, आणि ती भावना कोणासमोर येते हे शोधल्याशिवाय वेळापत्रक कितीही चांगले आखले तरी ते भिंतीवरच राहते.

ही भावना मी समजावून घालवण्याचा प्रयत्न केला नाही, कारण ती समजावून जात नाही. त्याऐवजी आम्ही संकल्प लहान केला. ‘कोलामी शिकायची’ हे बाजूला ठेवले आणि अंगणवाडीत लागणाऱ्या मोजक्या गोष्टी निवडल्या: भूक, पाणी, ताप, पोटदुखी, लघवीला जायचे आहे, कोणी मारले. गोलविट्झर यांनीच मांडलेली ‘जर-तर’ पद्धत इथे उपयोगी पडली. ‘वेळ मिळाला की’ असे न म्हणता नेमका प्रसंग आणि नेमकी कृती आधीच जोडून ठेवायची, म्हणजे त्या क्षणी पुन्हा विचार करत बसावे लागत नाही. ताईंचे वाक्य असे ठरले: ‘जेवणाआधी मुले हात धुवायला रांगेत उभी राहिली, की मी मावशींना एक नवे वाक्य विचारीन आणि पहिल्या मुलाला ते कोलामीत म्हणून दाखवीन.’ हा प्रसंग निवडण्याचे कारण एवढेच की तो पेरणीतही टळत नाही आणि सोंगणीतही.

सुरुवातीला अडचण ताईंकडून न येता मावशींकडून आली. त्या दर वेळी अदबीने मराठीतच उत्तर देत. सरकारी कामाच्या जागी मराठीच बोलायची ही सवय त्यांना इतक्या वर्षांत लागली होती, आणि ताई आपली परीक्षा घेत आहेत असेही त्यांना वाटले असावे. मी ताईंना सुचवले की, मावशींना हुकूम करण्याऐवजी त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत, ‘मला हे येत नाही, तुम्ही शिकवा’ असे एकदा स्पष्ट सांगावे. ताईंना हे सगळ्यांत जड गेले. त्यासाठी त्यांनी दोन आठवडे घेतले. त्यानंतर दोघींनी खिचडी वाटून होईपर्यंत मराठी बोलायचे नाही असे ठरवले. मुले हसली, अर्थातच. एका मुलीने तर ताईंचे वाक्य संपायच्या आत ते दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावले, आणि ताई मला हे सांगताना स्वतःच हसत होत्या.

दिवाळीनंतर वेचणीला मजूर मिळेनात, तेव्हा ताई धावपळीत येत-जात होत्या आणि हा परिपाठ काही दिवस सुटला. ‘झालं, पुन्हा तेच’ असे म्हणत त्या आल्या. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे त्यांनी कुठल्यातरी भाषणात ऐकले होते आणि ते दिवस उलटून गेल्यामुळे त्या खचल्या होत्या. फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला आणि २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसतात, पण माणसामाणसांतले अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत आहे, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही आढळले. ताईंचे खंड त्याहून मोठे होते, हे मी लपवले नाही. मात्र हात धुण्याची रांग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागणारच होती, त्यामुळे नवा मुहूर्त शोधण्याची गरज नव्हती.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एका शेतकरी दादांना इंग्रजी शिकायची होती. कोणासमोर लागते, असे विचारल्यावर साळभावाचे नाव निघाले आणि दुसरे कोणतेच निघेना. त्यांनी तो संकल्प सोडून दिला आणि मी त्यांना अडवले नाही. जो संकल्प कुठल्याच रोजच्या प्रसंगाला जोडता येत नाही, तो बहुधा दुसऱ्याला दाखवण्यासाठी घेतलेला असतो, असे माझे मत होत चालले आहे.

ताईंना अजून कोलामी अस्खलित येत नाही. वजनाच्या दिवशी आयांचे आपसातले बोलणे त्यांना अर्धेमुर्धे कळते, रडणाऱ्या मुलासाठी मावशींना हाक मारावी लागत नाही, क्रियापदे मात्र चुकतात आणि मावशी ती सगळ्यांसमोर दुरुस्त करतात.