जुन्या वळणाच्या विचारांच्या माणसाने नाशिकमधून अपक्ष म्हणून आमदारकी लढवावी का? डिपॉझिट तरी वाचतं का?

लढवा. डिपॉझिट वाचणार नाही. दहा हजार गेले असं समजूनच फॉर्म भरा. अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर पाच हजार.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरातले सगळे ‘पत्रकावर देवाचा फोटो टाक’ म्हणून मागे लागलेत, टाकला तर चालतो का. ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरात याच फोटोवरून २०१९ पासून दोन तट पडलेत.

माझे मामा त्या वर्षी पंचवटीतून अपक्ष उभे होते. मामा म्हणजे खरोखर जुन्या वळणाचा माणूस. कांद्याच्या जिल्ह्यात राहून चातुर्मासात कांद्याला हात लावत नाहीत. लग्नात डीजे लागला की जेवायला न थांबता घरी. जाहीरनामा एका पानाचा होता: देवळांजवळचे आणि शाळांजवळचे परमिट रूम हटवा, गोदापात्रातलं काँक्रीट काढा, मराठी शाळा बंद करू नका, आणि सरकारी पैशाने उत्सव नकोत. शेवटचा मुद्दा वाचून त्यांचे स्वतःचेच दोन-तीन मित्र गळाले. त्यात मंडळवाले होते.

माझं आणि मामांचं निम्म्या गोष्टींत पटत नाही. माझं लग्न जातीबाहेर झालं. मामा आले, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि न जेवता गेले. तरी निवडणूक प्रतिनिधी कोणाला करायचं म्हटल्यावर दोन मुलगे आणि एक मेहुणे समोर बसलेले असताना त्यांनी माझं नाव सांगितलं. ‘हिला हिशेब कळतो आणि ही मला नाही म्हणू शकते.’ मेहुणे म्हणजे माझे मावसकाका. ते त्यांना आजही पचलेलं नाही.

मी टॅक्सची कामं करते, त्यामुळे खर्चाची वही माझ्याकडे आली. तुम्हालाही ती निवडणूक कार्यालयातून मिळेल. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. बँकेत निवडणुकीपुरतं वेगळं खातं लागतं आणि ते अर्ज भरायच्या आधी उघडावं लागतं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, सगळ्याचं दरपत्रक जिल्ह्यातून येतं. तुम्हाला खुर्च्या फुकट मिळाल्या तरी त्या दराने खर्च धरायचा. आमच्याकडे पोरांनी मालेगाव स्टँडवर मिसळ खाल्ली, तीही गेली वहीत. मावसकाका म्हणाले, ‘मिसळ कोण लिहितं?’ लिहितात. तुमच्या वहीला समांतर एक वही सरकारी माणसं ठेवतात, आणि प्रचाराच्या काळात तुमची वही किमान तीनदा तपासायला न्यावी लागते. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा, नाही दिला तर तीन वर्षं अपात्र. हरलेले उमेदवार इथेच आळस करतात.

आता फोटो.

अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. त्या वर्षी माघार ७ ऑक्टोबरला, ८ ला दसरा आणि २१ ला मतदान. शेवटचे ४८ तास प्रचार बंद, म्हणजे चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवायला दोन आठवडेसुद्धा नाहीत. मामांच्या पहिल्या पसंतीचं चिन्ह चिठ्ठीत दुसऱ्याला गेलं, यांना आली कपबशी.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला मावसकाका आले ते पत्रकाचा नमुना घेऊनच. ओसरीतल्या टेबलावर पसरला. डावीकडे मामा हात जोडून. उजवीकडे काळाराम, सीता आणि लक्ष्मणासह, फुलांच्या हारात. आणि जागा उरली नव्हती म्हणून रामाच्या अगदी पायाशी भली मोठी कपबशी, वर वाफसुद्धा काढलेली. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘नैवेद्याला चहा ठेवलाय का?’

मामी हसून आत पळाल्या. मावसकाका हसले नाहीत. ‘थट्टा सोडा. नाशिकमध्ये रामाचा फोटो म्हणजे दोन हजार मतं जास्त.’

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(३). धर्माच्या नावाने मत मागणं आणि त्यासाठी धार्मिक चिन्ह वापरणं हे भ्रष्ट आचरण आहे, त्यावर निवडणूक रद्द होते. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवा. आमदार रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती तशीच ठेवली, आणि त्याच प्रकरणात पुढे बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन हे आणखी आवळलं. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येत नाही. शिवाय पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, तो त्या नमुन्यावर नव्हताच.

मावसकाकांनी जुन्या काळी वकिलाकडे कारकुनी केलेली. ते म्हणाले, ‘निवडणूक याचिका निवडून आलेल्याविरुद्ध होते. हरणाऱ्याच्या पत्रकासाठी हायकोर्टात कोण जातंय?’ हे खरंच आहे. याचिका निकालापासून ४५ दिवसांत, आणि जिंकलेल्याच्याच निवडीला आव्हान देणारी. मी विचारलं, ‘म्हणजे मामा हरणार हे धरूनच तुम्ही फोटो टाकताय?’

त्यानंतर ते माझ्याशी थेट बोललेले नाहीत. मावशीमार्फत बोलतात.

मामांनी नमुना घडी घालून परत दिला. ‘मत मागायची लायकी माझी नसेल तर रामाला कशाला दारोदार फिरवता?’ पत्रक एका रंगात, बिनफोटोचं निघालं.

खरी परीक्षा पुढेच होती, आणि कोणीही परंपरावादी माणूस नाशिकमध्ये उभा राहिला की त्याला ती द्यावीच लागते. फुलेनगरला फेरी गेली तेव्हा प्रेसमधून रिटायर झालेले एक काका दारातच बसले होते. पत्रक शांतपणे वाचलं, मागची बाजू पाहिली आणि विचारलं, ‘परंपरा म्हणता, ती १९३० च्या आधीची की नंतरची?’ नाशिककराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तो याच काळारामाच्या दाराशी, आणि दार उघडलं नाही. मामा गप्प. बरोबरची पोरं इकडेतिकडे बघायला लागली. मग मामा म्हणाले, ‘नंतरची.’ ते काका म्हणाले, ‘मग तसं छापा.’

मामांनी छापलं. पत्रकाच्या दुसऱ्या खेपेत एक ओळ वाढली: ‘देवळं, पाणवठे आणि स्मशानं सगळ्यांची.’ गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, दोन गल्ल्यांनी त्यावरून दारं लावून घेतली. रोज सकाळी चहाला येणारी माणसं यायची थांबली. मला मामांबद्दल जे काही वाटतं ते त्या ओळीमुळे वाटतं, त्यांच्या बाकीच्या जाहीरनाम्यामुळे नाही.

निकाल काय लागणार होता ते तुम्हाला समजलंच असेल. तेव्हापासून दर गणपतीत मावसकाका भिंतीकडे बघून म्हणतात, ‘फोटो टाकला असता आणि ती ओळ टाकली नसती, तर डिपॉझिट वाचलं असतं.’ त्यांच्यासाठी आणि तुमच्या घरच्यांसाठी हे गणित. डिपॉझिट वाचायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दीड लाख मतं पडली तर पंचवीस हजारांच्या वर. तुमच्या फोटोचे दोन हजार त्यात कुठे बसतात?

आणि मुळात नाशिकचा परंपरावादी मतदार अपक्षाच्या शोधात नसतो. तो गठ्ठ्याने पक्षाकडे जातो. शहरातल्या पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा २००९ मध्ये मनसेला गेल्या, २०१४ मध्ये तिन्ही भाजपला, २०१९ आणि २०२४ मध्येही तिन्ही भाजपलाच. तिन्ही जागा एकदमच पलटतात, त्यात माणूस किती सज्जन आहे हे कोणी मोजत नाही. तुमची मतं कितीही शुद्ध असोत, तीच मतं मांडणारा पक्ष शेजारच्या बटणावर असेल तर लोक ते बटण दाबणार. आणि मतदानयंत्रावर अपक्षांची नावं सगळ्यात खाली येतात.

मग लढवा का म्हणते? दोन आठवडे अनोळखी माणसं तुम्हाला दारात उभं करून प्रश्न विचारतात, आणि तेव्हा आपल्याला नक्की काय जपायचंय ते ठरवावंच लागतं. पक्षाच्या उमेदवाराला ते वरून ठरवून मिळतं.

काही गोष्टी राहिल्या. मी वकील नाही, फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवा. २०१९ मध्ये खर्चाची मर्यादा २८ लाख होती, आता ४० लाख आहे. अपक्षाला त्याचं काही नसतं, आमचा सगळा खर्च दोन लाखांच्या आत होता. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारे मतदार, दहा लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले. आम्ही दोन जादाचे घेतले होते, एकाचं नाव दुसऱ्याच मतदारसंघाच्या यादीत निघालं. पक्षाचं तिकीट मिळत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि घ्या. आणि परमिट रूम, पोलीस, शाळा हे विषय विधानसभेचे, पण घाटावरची झाडलोट महापालिकेची. त्यासाठी उभे राहणार असाल तर नगरसेवकाची निवडणूक लढवा.

निकालानंतर फॉर्म २० बघा. त्यात केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. कोणी कोणाला दिलं ते कळत नाही, पण कुठे किती पडली ते कळतं. ‘माझ्या सोसायटीतली दोनशे मतं तुमचीच’ असं सांगणारा नातेवाईक तुमच्याकडेही असेल. मावसकाकांच्या केंद्रावर कपबशीला नऊ होती. फुलेनगरच्या एका केंद्रावर एकसष्ट.