बी.एस्सी. झाली, आता एम.एस्सी. करू की एमपीएससी? (लातूर)

आधी एमपीएससीचा अंदाज घ्या, तोही घरूनच. पुण्यात खोली करायची घाई नको. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवा: 100 प्रश्न, 2 तास. प्रश्नाला 2 गुण धरा आणि चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, कापून बेरीज करा. असे पाच-सहा पेपर झाले की आपण कुठे आहोत ते कळतं. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आहे, वेळ भरपूर आहे.

एम.एस्सी. संभाजीनगरला करायची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागेल, कारण लातूर नांदेड विद्यापीठात येतं. टीसीसोबत त्याचाही अर्ज आत्ताच टाका. नॉन-क्रिमीलेयर लागू असेल तर त्या दाखल्याची मुदत बघा, ती 31 मार्चला संपते. ऐन प्रवेशात पोरं तिथेच अडकतात.