प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिपेअर किट टाकलं, तरी गाडी आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू राहत नाही. नवीन कार्ब्युरेटर घ्यावा का?

नका घेऊ. बॉडीला तडा गेलेला नसेल, तर जुनाच दुरुस्त करा. किट टाकूनही फरक पडला नाही, तर संशय थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी वाट उघडणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलवर, म्हणजे दांड्यावर घ्यायचा. स्पिंडल जस्ताच्या मिश्रधातूच्या बॉडीत फिरतो आणि रिटर्न स्प्रिंग त्याला कायम एकाच बाजूला ओढत असते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने भोक लांबट होतं आणि तिथून जास्तीची हवा आत शिरते. मग मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) ठरवणारा स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग बसत नाही.

आधी खात्री करा. स्पिंडलच्या दोन्ही टोकांभोवती जाड ग्रीस दाबून भरा आणि इंजिन चालू करा. आयडलिंग सुधारलं, तर गळती तिथेच.

यावर उपाय म्हणजे बुश, म्हणजे भोकात धातूची छोटी नळी बसवणं, आणि खरा खर्च याच कामाचा. किट काही शेकड्यांत येतं, चांगल्या टर्नरची (लेथवर काम करणाऱ्याची) मजुरी त्याच्या कितीतरी पट होते. ती द्यावी. दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये सरळ रेषेत मोठी करायची, गनमेटलचे (एक प्रकारचं कासं) बुश दाबून बसवायचे आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा. भोकं वेगवेगळी धरून केली, तर स्पिंडल अडकतो. स्पिंडलवर पायरी पडलेली असेल, तर तोही नवा करा.

खोलताना बटरफ्लायचे (स्पिंडलवर बसवलेल्या थ्रॉटलच्या चकतीचे) दोन स्क्रू जपा. त्यांची टोकं ठोकून पसरवलेली असतात. ती कानशीने घासल्याशिवाय फिरवलं, तर स्पिंडलमधले आटे जातात. बटरफ्लायच्या कडा तिरक्या असतात, म्हणून काढण्याआधी खूण करा. बसवताना आयडल स्क्रू पूर्ण मागे घ्या, बटरफ्लायचे स्क्रू सैल ठेवून ती बंद करा, उजेडासमोर धरा. कडेने सगळीकडे सारखी फट दिसली की मगच आवळा. स्क्रू नवेच वापरा आणि टोकं पुन्हा पसरवा, कारण सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

बॉडी कॉस्टिक सोड्यात मुळीच घालू नका, तो जस्त खातो. रॉकेलमध्ये भिजवून सगळ्या वाटांतून हवा मारा. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालू नका. १२० नंबरचा जेट म्हणजे १.२० मिमी भोक. तारेचा ओरखडाही माप बिघडवतो. खालची फ्लँज (इंजिनावर बसणारी सपाट कड) सपाट आहे का, ते काचेवर ठेवून पाहा. जाड पॅकिंग टाकून नट फार आवळले की ती वाकते आणि तिथूनही हवा घेते. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता भाग) गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर बदला. पितळी फ्लोटला सोल्डरचा डाग देता येतो, पण वजन वाढून पेट्रोलची पातळी वर जाते. नीडल व्हॉल्वखालच्या (पेट्रोल आत येणं बंद करणाऱ्या झडपेखालच्या) वॉशरची जाडी मूळचीच ठेवा, पातळी तिच्यावरही ठरते.

आता पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल असलेलं) पेट्रोल मिळतं. डायफ्राम (लवचिक पडदा) आणि होस (पेट्रोलच्या नळ्या) इथेनॉल सोसणारेच घ्या. मिक्श्चरही थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. चढावर गाडी अडखळली तर मेन जेट पुढच्या मोठ्या मापाचा लावून बघा.

ट्यूनिंगआधी टॅपेट (व्हॉल्व दाबणारा भाग) आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे संपर्क) यांचा गॅप बसवा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा उघडा; जोराने टेकवला तर टोकावर कडं पडतं. इंजिन तापल्यावर स्क्रू फिरवत सर्वात जास्त आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळेल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने ते खाली आणा. हे दोन-तीनदा करा.