डोळ्याला परत दिसायला लागलं, मग मानेची तपासणी कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, बाबांचं वय ६४, बीपीची गोळी चालू आहे, तंबाखू सुटत नाही. परवा पेपर वाचताना उजव्या डोळ्यापुढे वरून शटर ओढल्यासारखं अंधारलं, दुखलं काहीच नाही आणि पाच-सात मिनिटांत नीट दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप घालून बघितलं, म्हणाले रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉलचा कण दिसतोय, लगेच मानेची डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा. बाबा म्हणतात डोळा ठणठणीत आहे, मानेला काय झालंय? कोलेस्टेरॉलचा रिपोर्टपण नॉर्मल आहे. कण विरघळायला ड्रॉप मिळतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे की अंक छापून यायची वाट बघू नका, इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी. ड्रॉप वगैरे काही नसतात. तो कण डोळ्यात तयारच झालेला नाही, बहुतेक वेळा तो मानेतल्या कॅरोटिड धमनीतून येतो, तिथे वर्षानुवर्षं साचलेल्या थराचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर जातो, कारण डोळ्याला रक्त त्याच धमनीच्या फांदीतून मिळतं. रेटिनात जिथे रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथे तो पिवळा चकचकीत दिसतो. हॉलनहॉर्स्ट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला हॉलनहॉर्स्ट प्लाक म्हणतात. चपटा असल्यामुळे बरेचदा बाजूनं रक्त वाहत राहतं, म्हणूनच बाबांना परत दिसायला लागलं. पण पुढचा तुकडा डोळ्याकडेच जाईल असं थोडंच आहे, मेंदूत गेला तर लकवा, आणि हा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.

रिपोर्टचं म्हणाल तर तो आजच्या रक्ताचा आहे, भिंतीवरचा थर त्यात दिसत नाही. (बरेच जण पंधरा दिवस तूप बंद करून मग टेस्टला जातात, ते वेगळंच.) त्यात बीपी आणि तंबाखू, म्हणजे थर जमायला कोलेस्टेरॉल फार वाढायलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असला तरी स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी देतात, सोबत रक्त पातळ ठेवायची गोळी, पण ती मनानं सुरू करू नका. डॉपलरबरोबर ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मेंदूचा एमआरआयही सांगतील कारण गुठळी हृदयातूनही येऊ शकते. कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली तर ऑपरेशनचा विचार होतो, तेही शक्यतो दोन आठवड्यांच्या आत.

डायबेटिसवाल्यांना रेटिनावर पिवळे ठिपके सांगतात ते हे नव्हे, ती खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेली चरबी असते, तिथे शुगर आणि बीपी आधी बघावं लागतं.

बाबांना परत असं अंधारलं तर दिसायला लागायची वाट बघत बसू नका आणि चष्म्याच्या दुकानात तर अजिबात नको, जिथे स्ट्रोकचे म्हणजे लकव्याचे पेशंट घेतात तिथे थेट न्या, रक्तपुरवठा तुटलेली रेटिना काही तासांतच कायमची जाते. गाडी तुम्ही चालवा.