आधी कान, मग लॅपटॉप

"आम्ही खानापूर तालुक्यात, नंदगडला राहतो. मुलगी द्वितीय पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, कॉमर्स. वर्षभर आवडत्या सिनेमांचे स्वतःच ट्रेलर बनवून यूट्यूबवर टाकते, सगळं मोबाइलवर. परवा एकावर कॉपीराइटची नोटीस आली, तेव्हापासून घरात धास्ती आहे. ती म्हणते, यातच पुढं जायचंय, डिग्री नको. 70 हजारांचा लॅपटॉप घ्या आणि बेळगावात चार महिन्यांचा क्लास लावा. काय करावं?" — एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी धास्तीचं बघू. यूट्यूबची नोटीस दोन प्रकारची असते. यूट्यूब स्टुडिओ उघडलं की कुठली आलीय ते दिसतं. 'क्लेम' असेल तर बहुतेक वेळा यंत्रणेनं गाणं किंवा दृश्य आपोआप ओळखलेलं असतं. जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, कधी व्हिडिओ दिसेनासा होतो, पण चॅनलवर कारवाई होत नाही. 'स्ट्राइक' असेल तर मालकानं व्हिडिओ काढायला लावलाय. 90 दिवसांत असे तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं, आणि व्हिडिओ डिलीट केला म्हणून स्ट्राइक जात नाही. 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' अशी ओळ खाली लिहून काही उपयोग नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 समीक्षेसाठी सिनेमाचा उचित वापर करू देतं, पण हौसेनं केलेला ट्रेलर आपोआप त्यात बसत नाही. तेव्हा सरावाचे ट्रेलर घरच्या डिस्कवर राहू द्यात. जगाला दाखवायचं काम वेगळं करायचं. ते कसं, खाली सांगतो.

आता मुख्य गोष्ट. ट्रेलर कापणं हे निम्म्याहून जास्त कानाचं काम आहे. तिच्या ट्रेलरमध्ये संगीत आधी ठरलं की दृश्यं, एवढं तिला विचारा. दृश्यं लावून झाल्यावर खाली गाणं सोडलं असेल, तर शिकायला सुरुवात तिथूनच करायची.

तिनं संगीताचा शब्द नसलेला तुकडा निवडावा. शब्दांचं गाणं संवादाशी भांडतं आणि दोन्ही कळत नाहीत. तुकड्यात शांत सुरुवात, चढण, एक ठोस आघात आणि खराखुरा शेवट हवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोरात वाजणारं संगीत दहा सेकंदांत कंटाळा आणतं. मग लय मोजायची. मिनिटाला 120 ठोके म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 स्थिर चित्रांचा, म्हणून ठोक्याला बरोबर 12 फ्रेम आणि चार ठोक्यांच्या आवर्तनाला 48. मिनिटाला 90 ठोके असतील तर 16 फ्रेम. 100 ची लय घेतली तर 14.4 येतात, ठोका दोन फ्रेमच्या मधे पडतो. म्हणून 'दर 14 फ्रेमला कट' असं ठोकळ्यानं लावत गेलं की पाच ठोक्यांत दोन फ्रेमची चूक साठते. तिथं प्रत्येक आवर्तनाची सम कानानं ऐकून खूण करावी लागते. गावच्या भजनात टाळ धरला असेल तर सम म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

तीन मिनिटांचा तुकडा दीड मिनिटात बसवताना शेवटी आवाज हळूहळू विझवू नये. तुकड्याचा मूळ शेवट ट्रेलरच्या टोकाला लावायचा, सुरुवात सुरुवातीला, आणि मधला जोड समेवर घ्यायचा. जोडावर दोन-चार फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विझताना दुसरा चढवणं), वर एखादा संवाद किंवा दाराचा आवाज ठेवला की जोड ऐकू येत नाही.

एक शॉट जवळून बघा. दार आपटतं. नवशिका हा शॉट जिथं सुरू होतो, ती फ्रेम ठोक्यावर ठेवतो. पण दार चौकटीला टेकायला आणखी आठ फ्रेम लागतात, म्हणून आघात उशिरा पडल्यासारखा वाटतो आणि का, ते कळत नाही. दार टेकतं ती फ्रेम शोधून ती ठोक्यावर ठेवायची. कट आपोआप आठ फ्रेम आधी येतो. थप्पड, वळलेली मान, पेटलेली काडी, सगळ्याला हेच. शिवाय प्रत्येक ठोक्यावर कट नको. चार ठोके एक शॉट धरून ठेवला की पुढचे चार झटपट कट जाणवतात. शीर्षकाआधी सेकंदभर पूर्ण शांतता ठेवून बघू दे.

सगळ्यात जास्त ट्रेलर बिघडतात ते संवादामुळं. सिनेमातून उचललेल्या संवादाखाली मूळ पार्श्वसंगीत चिकटून येतं. आपलं संगीत वेगळ्या सुरात असलं की दोन्ही मिळून बेसूर होतं, आणि संवाद संपताना ते संगीत मधेच तुटतं. खाली संगीत नसलेलेच संवाद निवडायचे, चार कमी मिळाले तरी चालेल. संवादातला सर्वांत मोठ्या आवाजाचा क्षण उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवावा (शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द). बोलणं सुरू होण्याआधी संगीत सहा-आठ फ्रेममध्ये उतरवत 10 ते 12 डेसिबल खाली घ्यावं. एकदम पाडलं तर खड्ड्यात गेल्यासारखं वाटतं. एकूण आवाज उगाच वाढवू नये, साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) वर गेला की यूट्यूब तो खाली आणतं.

यातलं बरंचसं ऐकायला 70 हजार लागत नाहीत, वायरचा बरा हेडफोन लागतो. ब्लूटूथवर आवाज तीन-चार फ्रेम उशिरा पोचू शकतो, त्यामुळं त्यावर लावलेला कट दुसरीकडं चुकलेला दिसतो. घरात किंवा नात्यात जुना 8 जीबी रॅमचा कॉम्प्युटर असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही एडिटिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत. व्हिडिओच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून काम चालतं. लॅपटॉप घ्यायचाच झाला तर 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा, रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड नको. त्यावर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकण्यापुरती भरपूर आहे. तिच्यात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, पहिली क्लिप टाकायच्या आधी ठरवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. इथं बरेच जण अडकतात. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, त्यामुळं आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्यावा.

जगाला दाखवायचं काम असं. फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' कॉपीराइटमधून मोकळा आहे, कारण आपल्याकडं सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. तो मूकपट आहे, म्हणजे चिकटलेल्या संगीताची अडचणच नाही. त्याचा जो भाग आज शिल्लक आहे, त्यातून 60 सेकंदांचा ट्रेलर करून त्याला यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावू दे. श्रेय द्यायची अट असेल तिथं द्यावं. जुन्या बोलपटांतली गाणी मात्र घेऊ नयेत. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वेगळा चालतो. दुसरं काम आपल्या भागातलं: कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं, गावची यात्रा, मंडळाचं नाटक. परवानगी घेऊन शूट करायचं, एक मिनिटाचा प्रोमो. भजनी मंडळाचा ठेका त्यांच्या संमतीनं रेकॉर्ड केला तर संगीतही आपलं.

क्लासला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: रोज किती तास स्वतंत्र मशीन मिळणार, आवाजाचं एडिटिंग शिकवतात का, आणि शेवटी विद्यार्थ्याचं स्वतःचं शूट कापायला देतात का. नुसते तयार टेम्प्लेट आणि ट्रान्झिशन शिकवणार असतील तर नको. त्यापेक्षा लग्नसराईत बेळगावच्या एखाद्या स्टुडिओत मदतनीस म्हणून बसलेलं बरं. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवणं, नावं घालणं, दोन ठिकाणी बॅकअप ठेवणं हे तिथं हातात बसतं, आणि मुंबई-पुण्यात असिस्टंट एडिटरचं पहिलं काम तेच असतं. वाहिन्यांचे प्रोमो एडिटर आणि सिनेमाचे ट्रेलर कापणारे स्टुडिओ, या तिच्या पुढच्या जागा. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही समजत असेल तर संवाद कुठं तोडायचा हे तिला तिन्ही भाषांत कळेल. त्याला या कामात किंमत आहे.

डिग्री मात्र सोडू नये, असं मी तिला स्पष्ट सांगेन. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी लागते. कुठल्याही शाखेची चालते, बी.कॉम.सुद्धा. पीयूसीची परीक्षा होईपर्यंत रविवारचे दोन तास तिला द्या, लॅपटॉप नको, क्लास नको. सुट्टीत वर सांगितलेली दोन कामं ती स्वतःहून पूर्ण करते का बघा. केली, तर 70 हजारांचा विचार नक्की करा.