सांगलीत राहून संगीत नाटकाचं दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन, दोन्ही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय 23, भरतनाट्यम विशारद झालंय, संगीत नाटकं स्वतः बसवायची आहेत, पुण्या-मुंबईला जावंच लागेल का. आणि शेवटी लिहिलंय, "घरचे म्हणतात, तू नाच शिकव, नाटकाचं दिग्दर्शकांना बघू दे." त्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय, आणि ते सांगणारा माणूस माझ्या घरचा नव्हता.

मी मिरजेची. कथक शिकले, नंतर बारा-तेरा वर्षं शाळांची गॅदरिंगं केली. पहिल्या शाळेने सहा गाण्यांचे मिळून 4,000 रुपये दिले होते. मधूनमधून हौशी संस्थांच्या नाटकांत नृत्यं बसवायची. 2019 च्या महापुरावर एका संस्थेने संगीत नाटक करायला घेतलं, तेव्हा दिग्दर्शक सरांनी मला बोलावलं. "पुराचं एक गाणं आहे, चार मिनिटांचं. दोन्ही विंगांतून निळं कापड धरून हलवू. पुढे मुलींचा नाच टाका."

मी त्यांना म्हटलं, सर, कृष्णेच्या पुराला लाटा नसतात. आपल्याकडचा पूर चढतो. रात्री पायरीवर असतो, सकाळी उंबऱ्याशी. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला काय विचारतो? "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. मग कापड कशाला, आकडेच नाचू देत.

सर म्हणाले, करून दाखवा. तेवढं मोठेपण त्यांनी दाखवलं, ते नाकारत नाही.

चौदा जण होते, त्यातल्या नऊ जणांना नाच अजिबात येत नव्हता. एक बँकेतले, एक हळदीच्या अडत दुकानातले, दोघी शिक्षिका. त्यांना मी एकही मुद्रा शिकवली नाही. रंगमंचावर सगळे ओणवे, तळवे जमिनीला. दीपचंदीच्या चौदा मात्रा, दर आवर्तनाला सगळ्यांचे तळहात वीतभर वर. घोटा, पोटरी, गुडघा. कोरसमधला एक जण फक्त आकडा म्हणायचा. चाळीसला पेटी थांबायची, नुसता तबला. पंचेचाळीसला तबलाही बंद, फक्त पावलांचा आवाज. तिथून पुढे प्रत्येकाचे हात स्वतःच्या गळ्यापर्यंत येईस्तोवर कुणी कुणाकडे बघायचं नाही, आणि हात गळ्याशी आले की पहिल्यांदा शेजाऱ्याकडे बघायचं. बस्स. तबलजी म्हणाले, "ताई, लय एवढी पाडली तर लोक उठून जातील." मी म्हटलं, एक प्रयोग बघू. गाणं चार मिनिटांचं अकरा मिनिटांचं झालं. त्यासाठी आधीच्या प्रवेशातले दोन संवाद मी सरांना कापायला लावले, नायिकेचा प्रवेश डावीकडून उजवीकडे नेला, आणि शेवटचं पद उभ्याने न म्हणता बसून म्हणायला लावलं, कारण पुरानंतर उभं राहायची ताकद कुणात उरत नाही. दीड महिना तालमी, रोज रात्री साडेआठ ते अकरा.

प्रयोगाला अकरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतल्या एक आजी सत्तावन्नला मोठ्याने रडल्या.

हस्तपत्रिकेवर माझं नाव नव्हतं. "नृत्य" ही ओळच नव्हती. त्या स्पर्धेत दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस सरांना मिळालं आणि परीक्षकांनी बोलताना पुराच्याच प्रवेशाचं नाव घेतलं. मी त्याच रात्री नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो ताई, नाच तुम्ही बसवलात. नाटक मी बसवलं."

आज इतक्या वर्षांनी उत्तर देते. सर, ते नाटकच होतं. कोण कुठे उभं राहतो, कधी हलतो, कुणाकडे बघतो, किती वेळ गप्प राहतो, हे ठरवणं म्हणजेच दिग्दर्शन. आणि हे सांगलीत सांगावं लागतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. कानडी भागवतांचे, म्हणजे कर्नाटकातल्या नाटक मंडळींचे, पौराणिक खेळ इथे झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसा खेळ करायला सांगितलं, आणि 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. ते खेळ नाचतगात होत. भाव्यांच्या नाटकांतले राक्षस आरडाओरडा करत, उड्या मारत रंगमंचावर येत. पदं भाव्यांचीच, नटांना शिकवणारेही तेच. आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, तो अशा माणसामुळे, ज्याच्या कामात नाच इकडे आणि नाटक तिकडे अशी वाटणी नव्हती. याच जिल्ह्यातलं रेठरे हरणाक्ष हे शाहीर पठ्ठे बापूरावांचं गाव, कवलापूर तमाशातल्या काळू-बाळू या जोडीचं. तमाशाच्या फडात लावणी आणि वग, म्हणजे तमाशातलं नाटक, एकाच बोर्डावर होतात.

बाहेर तर हे कधीच मान्य झालंय. न्यूयॉर्कला जेरोम रॉबिन्स यांनी 1957 मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकाचं दिग्दर्शनही केलं आणि नृत्यदिग्दर्शनही. बॉब फॉसी नाचणारा माणूस, 1973 या एका वर्षात सिनेमाचं ऑस्कर, नाटकाचं टोनी आणि टीव्हीचं एमी, तिन्ही दिग्दर्शनासाठी घेऊन गेला. घरच्यांना ही दोन नावं सांगा.

आता तुमचा प्रश्न. करिअर होतं, पण पगारासारखं होत नाही. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगं, बाकी वर्षभर क्लास, त्यावर घर. आणि नाटक त्या घरातून वेळ काढून. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच छताखाली शिकायला मिळतं, जमत असेल तर नक्की जा. पण शिकून इकडे परत या. नृत्याची विशारद पुरेशी नाही. तालाची वही करा, पेटीवाल्याशेजारी बसा, संहिता पाठ करा, प्रकाशयोजना करणाऱ्याला चहा पाजून प्रश्न विचारा. ढोलकी कानाने ओळखता आली पाहिजे, नुसती मोजता येऊन चालत नाही.

आणि पहिल्या तालमीच्या आधी नाव कसं छापणार ते लिहून घ्या. मानधन कमी असलं तरी चालेल, पण नाव नसेल तर उठून या. मी उठले नाही, तुम्ही उठा.

एक गोष्ट मात्र माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगते. दोन्ही कामं एकाच माणसाने केली पाहिजेत असा नियम नाही. 'घाशीराम कोतवाल' 1972 चं. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्य कृष्णदेव मुळगुंद. ती ब्राह्मणांची रांग, जी पडदाही होते आणि भिंतही, ती तिघांशिवाय उभी राहिली नसती. तिथे तिघांचीही नावं माहीत आहेत. मला एवढंच हवं होतं. शिवाय सरांनी मला अकरा मिनिटं दिली, स्वतःचे दोन संवाद कापू दिले. प्रत्येक दिग्दर्शक एवढं देत नाही, हेही खरं आहे.

मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला होता. ते नाटक पुन्हा करायचंय, पूर बसवायला याल का. मी म्हटलं, येते, पत्रिकेचा मजकूर आधी पाठवा. ते म्हणाले, बघतो, कळवतो. अजून कळवलेलं नाही. मात्रांची वही माझ्याकडे आहे. तुम्ही मिरजेला आलात तर दाखवेन.